भाचीच्या जर्मन विभागाची बातमी, आणि आपल्या गावातल्या पोरांचं काय?

दारव्हेकर मामा, मंगळवार रात्री 9.20

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं तूर, हरभरा आणि बोंडअळी यांवरच लिहितो. आज घरची बातमी आहे, आणि तिच्यामागून एक प्रश्न.

माझी भाची विद्यापीठात जर्मनमध्ये एम.ए. करते आहे, पहिल्या वर्षाला. परवा तिच्या विभागाच्या दोन बातम्या एकदमच आल्या. डाड नावाची जर्मनीची संस्था आहे, 1925 सालची, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. तिची उन्हाळी कोर्सची शिष्यवृत्ती विभागातल्या दोन मुलींना मिळाली, त्यातली एक आमची. जुलैअखेर चार आठवडे तिकडच्या विद्यापीठात राहून शिकायचं. दुसरी बातमी म्हणजे अनुवादाच्या स्पर्धेत विभागाच्या चार जणांचा दुसरा नंबर आला. मराठीतून जर्मनमध्ये अनुवाद करायचा होता. चारपैकी तीन पोरं खेड्यातली आहेत: एक दिग्रसकडची, एक मानोऱ्याकडचा आणि एक आमची.

गावात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "लागली का नोकरी?" दुसरा, "म्हणजे विमानात बसणार का?" माझ्या बहिणीला तर तीन वर्षांपासून लोक विचारतात की पोरीला जर्मन कशाला शिकवतेस. ती काही बोलत नाही, पाण्याचा गडू पुढे करते.

आता प्रश्न. दिवाळीनंतर भाची आमच्याकडे आली होती. वेचणी जोरात होती. संध्याकाळी बाया आपापली गाठोडी घेऊन काट्यापाशी येतात, किलोवर मजुरी असते. ती काट्यापाशी उभी राहून वजन सांगायची आणि मी वहीत मांडायचो. एका गाठोड्याला ती म्हणाली, "झीबन उंट ड्राइसिश." मी विचारलं, किती? ती म्हणाली, "सात, उंट, तीस."

गाठोडंवाल्या मावशी म्हणाल्या, "आन मधात उंट कायले आणला वं?"

"उंट म्हणजे आणि, मावशी. सात आणि तीस."

मावशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग सदतीसच की! आपल्यावानीच म्हनतेत थे लोकं."

भाची माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मामा, वर्गात आम्हाला हे इंग्रजीतून शिकवलं. इंग्रजीत थर्टी-सेव्हन, तीस आधी. जर्मनमध्ये उलटं असतं म्हणून आठवडाभर सराव करून घेतला. मराठीत ते सुलटंच आहे हे कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. आपल्या पोरांना जर्मन इंग्रजीमार्गे का शिकवतात? मराठीतून शिकवलं तर दारव्हा, घाटंजी, मारेगावच्या पोरांना विभागाचं दार जास्त उघडं होईल की नाही? ज्यांना माहीत आहे त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

कारंजेकर, रात्री 9.31

अभिनंदन मामाजी! बहिणीचं आधी.

मोहफूल, रात्री 9.40

मामाजी, पोरीनं नाव काढलं. पेढे कुठी हायेत? आन थ्या मावशीले विभागात घ्या म्हना, तिले व्याकरण समजते. मले एक सांगा, हे शिकून पोट्टे करतेत काय? बाप्पा, इचारतो म्हनून राग नोका मानू. माह्यी पोरगी बारावीत हाय.

भाषावेडी, रात्री 10.15

मामा, अभिनंदन. मी मूळची पुसदची, आता पुण्यात जर्मन शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत, फर्ग्युसन रस्त्यावर, शिकले. तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांब लिहिते.

मावशींनी पकडलं ते शंभर टक्के बरोबर. एकवीस, बत्तीस, पंचेचाळीस: एकक आधी, दशक मागून. जर्मनचंही तसंच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस ही आपली खास मांडणी तिकडे नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. "मला हे आवडतं." इंग्रजीत "मी" कर्ता होतो. मराठीत आवडणारी वस्तू कर्ता, आणि मी "मला". जर्मनमध्ये हुबेहूब: मिअर गेफेल्ट दास. मिअर म्हणजे मला. "मला थंडी वाजते" यालाही मिअर इस्ट काल्ट, म्हणजे मला थंड आहे. इंग्रजीमार्गे आलेली मुलं इथं महिनाभर "इश बिन काल्ट" म्हणत राहतात. आणि त्याचा अर्थ तिकडे भलताच लागतो, माणूस भावनाशून्य आहे असा. मराठी मुलाला फक्त एवढं म्हणा, "मला लाव", झालं.

गौण वाक्यात क्रियापद शेवटी. "कारण मी दमलेला आहे" यात "आहे" शेवटी. वाइल इश म्युडं बिन, यात "बिन" शेवटी. इंग्रजीत ते मधे.

उच्चाराचं बघा. चूल, चमचा, चांगला यातला दंत्य च म्हणजे जर्मन झेड. त्सुग म्हणजे आगगाडी, त्साइट म्हणजे वेळ. माझ्या वर्गातल्या इतर भाषकांना "झुग, झाइट" सोडवायला दोन महिने लागतात. मराठी मुलं पहिल्या तासाला बोलतात.

आणि लिंगं तीन! तो, ती, ते. देअर, दी, दास. हिंदीतून आलेल्याला नपुंसकलिंग नवीन असतं, आपल्याला ते आईच्या दुधासोबत मिळतं.

मोहफूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सकाळी देते. डोळे मिटताहेत.

संत्राबाग, रात्री 10.50

मोर्शीहून. वाईट वाटून घेऊ नका, पण मी वेगळं बोलणार आहे.

व्याकरण जुळतं म्हणून भाषा येत नाही. माझ्या पुतण्याचं सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं. पेपरात आलं आणि तालुक्याच्या गावांत जर्मनचे क्लास उगवले. माझ्या भावानं एका क्लासमध्ये पुतण्याला घातलं. आगाऊ फी भरली, त्यासाठी त्या सालचा मृग बहार बागवानाला फुलावरच विकून टाकला. सहा महिन्यांत बी1, म्हणजे जर्मनची तिसरी पातळी, करून देतो, असं सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात कळलं की शिकवणारा स्वतःच ए2 पर्यंत शिकलेला. पाचव्या महिन्यात दाराला कुलूप. तोही मराठीतूनच शिकवत होता, मामा. मराठीतून, छान समजावून, चुकीचं.

म्हणून म्हणतो, आधी इंग्रजी पक्कं करा. इंग्रजीचा मास्तर निदान दर शाळेत आहे. जर्मन म्हणजे मृगजळामागे पळण्याचा प्रकार आहे.

कारंजेकर, रात्री 11.02

संत्राबाग, पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. पण शिकवणारा चुकीचा होता, भाषा नव्हे.

संत्राबाग, रात्री 11.05

ते खरं. पण चांगला शिकवणारा आमच्या तालुक्यात आणायचा कुठून? तेवढं सांगा.

भाषावेडी, बुधवार सकाळी 6.30

संत्राबाग, तुमच्या पुतण्याच्या बाबतीत घडलं ते मी पाच-सहा घरांतून ऐकलं आहे. सगळ्यांनी वाचावं म्हणून सांगते: क्लास लावण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं आणि कुणाचं. पातळ्या सहा आहेत, ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. ए1, ए2 शिकवणाऱ्याकडे किमान बी2 असावं, सी1 असेल तर उत्तम. ज्याच्याकडे ते असतं तो मागितलं की लगेच दाखवतो.

आणि सहा महिन्यांत बी1 कुणी म्हणालं तर दिवसाचे तास किती ते विचारा. रोज चार तास वर्ग आणि घरी तेवढाच अभ्यास असेल तर होऊ शकतं. आठवड्यातून तीनदा दीड तासात होत नाही.

गोएटे संस्थेच्या बी1 परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. बरी गोष्ट ही की एखादा भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. गावाकडच्या मुलांचं बहुधा श्रवण अडतं, कारण वर्गाबाहेर जर्मन आवाज कानावर पडलेलाच नसतो.

मोहफूल, तुमचं उत्तर: माझ्याबरोबर एम.ए. केलेल्यांपैकी कुणी शाळेत शिकवतं, कुणी मोटारींच्या कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं अनुवादित करतं, दोघी विमा कंपन्यांचं जर्मन ग्राहकांचं काम बघतात, एक जण साहित्यात पीएचडी करतो आहे. लेकीला चांगले मार्क असतील आणि भाषेची ओढ असेल तर बी.ए.ला घाला. आणि ती जर नर्सिंगला जाणार असेल तर मार्ग निराळा. तो इथं कुणी राहून आलेलं सांगेल.

घाटंजीची सिस्टर, बुधवार दुपारी 3.10

मी सांगते. इथं जर्मनीत आता सकाळचे साडेअकरा झालेत, रात्रपाळी करून आले आहे.

मी घाटंजी तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं, नागपूरला तीन वर्षं नोकरी केली, मग बी1 घेऊन इथं आले. इथं येऊन बी2 केलं, मान्यतेची प्रक्रिया पूर्ण झाली, आता पूर्ण परिचारिका आहे. मोहफूलभाऊ, नर्सिंगला बी2 शिवाय पर्याय नाही, आणि वॉर्डात तर बी2 सुद्धा पुरत नाही. म्हातारी माणसं आपापल्या बोलीत बोलतात. पहिले दोन महिने मी रोज खोलीवर येऊन रडायचे.

मराठीचा उपयोग मला कुठं झाला ते सांगते. आमच्या वॉर्डात पेशंटला दुखणं विचारताना नुसतं दुखतं का असं विचारून चालत नाही, कसं दुखतं ते लिहावं लागतं. श्टेशंट म्हणजे टोचल्यासारखं. ब्रेनंट, आग होते. त्सीएंट, ओढ लागल्यासारखं. पोखंट, ठणकतं. दुम्फ, मुका मार लागल्यासारखं जड. माझ्यासोबत परदेशी मुली होत्या, इंग्रजीतून शिकलेल्या. त्यांच्या वहीत सगळ्यापुढे पेन, पेन, पेन, आणि मागे एकेक विशेषण. मी माझ्या वहीत मराठी लिहिलं. पोखंट = ठणक. श्टेशंट = टोचणी, सणक. आई दाढ दुखली की "ठणकते वं" म्हणायची. तो शब्द डोक्यात पक्का होता, त्याला जर्मन शब्द नुसता चिकटवायचा होता.

एका रात्री एक आजोबा, ब्याऐंशी वर्षांचे, पायाला हात लावून म्हणाले, "एस पोख्ट." मी लगेच पट्टी सोडून बघितली, आत पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, आमच्या भाषेत या दुखण्याला वेगळं नाव आहे.

आणि अहो-जाहो. आजोबा मला दीड महिना "झी" म्हणायचे, म्हणजे आपण. एका दिवशी "दू" म्हणाले, म्हणजे तू. मला एवढा आनंद झाला की आईला व्हिडिओ कॉल केला. आईला एका क्षणात समजलं. अहोवरून तूवर येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मामाजी, तुमच्या भाचीला माझा निरोप द्या: जाताना घरचं तिखट घेऊन जा.

मोहफूल, दुपारी 3.25

सिस्टर, डोयात पानी आनलं तुमी. पोरगीले दाखवतो हे.

दारव्हेकर मामा, दुपारी 4.00

सिस्टर, तुमचं लिहिणं मी बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पुन्हा वाच म्हणाली. तिखटाचा निरोप पोचला, मिरच्या वाळत घालणं सुरू आहे.

शकुंतलेचा प्रवासी, सायंकाळी 7.45

विषयाला थोडी बगल देतो, पण दारव्हा नाव वाचलं आणि राहवेना.

मामाजी, तुमच्या गावावरून शकुंतला जायची. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, कारंजा, दारव्हा. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. माझे वडील त्या गाडीनं शाळेत जायचे, लोक चालत्या गाडीतून उतरून शेंगा तोडून परत चढायचे असं सांगत.

आता जर्मनचा संबंध. कालिदासाचं शाकुंतल 1789 मध्ये विल्यम जोन्सनं इंग्रजीत नेलं. दोनच वर्षांत, 1791 मध्ये, गेओर्ग फोर्स्टरनं त्याचं जर्मन केलं. ते जर्मन महाकवी गोएटेच्या हातात पडलं आणि त्यानं शकुंतलेवर चार ओळींची कविता लिहिली. पुढे त्याच्या फाउस्ट नाटकाच्या सुरुवातीला त्यानं रंगमंचावरचा जो प्रवेश घातला, नाटकवाला, कवी आणि विदूषक यांचा संवाद, तो शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचलेला, असं मानतात. म्हणजे आपल्या प्रस्तावनेचं तंत्र जर्मन साहित्याच्या सगळ्यात मोठ्या नाटकाच्या दाराशी उभं आहे.

आणि तोच कालिदास. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं मानतात. तिथून निघालेला मेघ आम्हा विदर्भातल्या लोकांचाच. भाचीनं तिकडे कुणाला हे सांगितलं तर बघा ते लोक कसे कान देऊन ऐकतील.

लोणारचा, रात्री 8.10

मीही बगल देतो.

आमचं लोणार सरोवर उल्केच्या आघातानं झालं, बेसॉल्ट खडकात; त्याचा खड्डा 1.8 किलोमीटर रुंद. बव्हेरियात नोएर्डलिंगन नावाचं गाव आहे, ते अशाच आघाताच्या खड्ड्यात वसलं आहे, फक्त त्यांचा खड्डा 24 किलोमीटरचा. लोणारसारखाच तोही आधी लोकांना ज्वालामुखीचा वाटायचा. 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं. ते खनिज प्रचंड दाबाखालीच तयार होतं, म्हणून आघात सिद्ध झाला. गावातलं चर्च आघातात तयार झालेल्या खडकाचं बांधलेलं आहे. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी तिथं दगड ओळखायला शिकले.

मी भूगोल शिकवतो. आठवीला लोणार शिकवताना नोएर्डलिंगनचं चित्र लावतो. एका पोरानं विचारलं, सर, तिथं जायला कोणती भाषा लागते? मी फळ्यावर "जर्मन" लिहिलं. तो म्हणाला, मग ती शिकवा. मला येत नाही. म्हणून हा धागा वाचतो आहे.

कारंजेकर, रात्री 8.20

धागा शकुंतलेत बसून लोणारला पोचला. मामा, तुमचा प्रश्न मागच्या स्टेशनावर राहिला.

भाषावेडी, रात्री 8.40

राहू द्या, याच गाडीत बसून ज्ञान येतं. मीही एक डबा जोडते. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या होत्या, 1920 च्या दशकाच्या शेवटी, आणि तिथंच डॉक्टरेट मिळवली. कवट्यांच्या मोजमापावर काम होतं. मार्गदर्शकाला वंशश्रेष्ठत्व सिद्ध व्हायला हवं होतं, यांच्या मोजमापात ते सिद्ध होईना. त्यांनी जे निघालं तेच लिहिलं. आणि उलट्या दिशेनं गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक इकडे आले, मराठी शिकले, खंडोबावर आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलं. ते मराठीत ओव्या ऐकायचे. 

पुसदचा बापू, रात्री 9.05

ताई, एक शंका. लिंगाचं जुळतं म्हणता, पण शब्दाशब्दाला जुळतं का? माझा पोरगा म्हणतो सूर्य तिकडे बाई आहे.

भाषावेडी, रात्री 9.15

चांगला प्रश्न, आणि इथं सावध राहायला हवं. तीन कप्पे आहेत एवढंच जुळतं. कुठला शब्द कुठल्या कप्प्यात ते नाही. दी झोनं, सूर्य, स्त्रीलिंगी. देअर मोंड, चंद्र, पुल्लिंगी, तो आपला चांदोमामाच. मुलगी मेटशन, ती नपुंसक, कारण "शन" हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसक होतो. आपलं "पोरगं" आठवा. म्हणून प्रत्येक शब्द देअर-दी-दास सकट पाठ करायचा. मराठीचं लिंग लावून अंदाज बांधलात तर चुकाल. संत्राबाग यांचा मुद्दा इथं खरा आहे: मराठी पूल आहे, पण पलीकडे चालावं स्वतःलाच लागतं.

अभियंता, बाडेन, रात्री 9.50

शिकायला येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो आहेत. नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथल्या शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेलं प्रमाणपत्र, लागतं. खर्चासाठी बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर 2024 पासूनचा. पैशाची सोय नसेल तर आउसबिल्डुंग बघा, म्हणजे काम करत शिकणं, त्यात दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. एजंटाला पैसे देण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः वाचा.

संत्राबाग, रात्री 10.00

हे कामाचं. पुतण्याला पाठवलं. तो अजून चिडलेला आहे, पण वाचेल.

मामाची भाची, गुरुवार सकाळी 7.30

नमस्कार. मामानं न विचारता धागा काढला, पण सगळं वाचून छान वाटलं. सिस्टरताई, तुमचं दुखण्याच्या शब्दांचं मी वहीत उतरवून घेतलं.

दोन गोष्टी सांगते. स्पर्धेत आम्हाला ग्रामीण जीवनावरचा उतारा आला. त्यात पहिल्या वेचणीचं वर्णन होतं, आणि त्यात "सीतादही". विदर्भाबाहेरच्यांसाठी: कापूस वेचायला सुरुवात करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते. चौघांनी पाऊण तास त्याच एका शब्दावर काढला. मानोऱ्याचा मित्र म्हणाला, "सुगीचा सण" लिहू, एर्न्टेफेस्ट. मी नाही म्हटलं. एर्न्टेफेस्ट पीक घरी आल्यावर करतात. सीतादही पहिलं बोंड तोडायच्या आधी. घरात काहीच आलेलं नसतं आणि तरी दही ठेवायचं. तो फरक गेला तर उताराच गेला. शेवटी "सीतादही" शब्द तसाच ठेवला आणि वाक्यातच अर्थ विणला: वेचणाऱ्या बाया पहिल्या कापसाआधी मातीला दहीभात देतात. "देतात" ला गेबन वापरलं, आणि मातीला चतुर्थी: देअर एर्डं. परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्याबद्दल विचारलं. दिग्रसची मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे माती घेणारी आहे, म्हणून चतुर्थी. पहिला नंबर गेला तो आमच्या विरामचिन्हांमुळे, हे परीक्षकांनी मागून सांगितलं. जर्मनमध्ये स्वल्पविराम सोडला की माफी नाही.

दुसरी गोष्ट मामाच्या प्रश्नाबद्दल. बी.ए.च्या पहिल्या वर्षी मॅडमनी अक्कुझाटिव शिकवताना "डायरेक्ट ऑब्जेक्ट" म्हटलं. मला डायरेक्ट ऑब्जेक्ट काय ते येत नव्हतं. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करणं. तीन आठवडे मी गप्प बसले. वाटायचं, जर्मन मला येणार नाही. मग एका सीनियर दादानं कँटीनमध्ये चहाच्या बिलामागे लिहून दाखवलं: कर्म, द्वितीया. दातिव म्हणजे चतुर्थी, ज्याला द्यायचं तो. हे मला सातवीपासून येत होतं! आमचे मराठीचे गुरुजी विभक्ती छडी घेऊन पाठ करून घ्यायचे, स, ला, ते, स, ला, ना, ते. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन चार धडे एका रात्रीत संपवले.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना वाटायचं इंग्रजी सगळ्यांना येतं. मी नंतर त्यांना सांगितलं, तर त्यांनी पुढच्या वर्षीच्या वर्गात फळ्यावर कर्म, द्वितीया लिहायला सुरुवात केली. हीच माझ्या मते आमच्या विभागाची खरी बातमी आहे, पण ती कुठं छापून येत नाही.

पुढच्या पायऱ्यांवर सगळं जर्मनमधूनच व्हायला हवं, असं मलाही वाटतं. पण पहिले सहा महिने मराठी धरून ठेवली तर माझ्यासारख्या मुली गळणार नाहीत.

संत्राबागकाका, तुमच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. माझं बी2 झालेलं आहे, प्रमाणपत्र मामाच्या घरी आहे, कुणीही बघावं. मे महिना मी गावात आहे. ए1 च्या पहिल्या भागाचे धडे मराठीतून घेऊ शकते, फी नाही. दिग्रसची मैत्रीणही येते म्हणाली.

मोहफूल, सकाळी 7.50

बाई वं, कुठी आन कवा? माह्यी पोरगी येते. मीबी येऊ काय मांगं बसाले?

भाषावेडी, सकाळी 8.15

वाचून उभी राहिले. देअर एर्डं! ताई, ते वाक्य मी माझ्या वर्गात वापरू का? आणि मेमध्ये दर रविवारी तासभर मी ऑनलाइन येते, श्रवण मी घेते. मुलांच्या कानावर माझा आवाजही पडेल आणि माझ्या जर्मन सहकाऱ्यांचाही. ऑडिओ फाइल आदल्या दिवशी पाठवते, म्हणजे नेट गेलं तरी अडणार नाही.

मामाची भाची, सकाळी 8.30

जरूर वापरा ताई, तुम्ही रविवारी आलात तर फार बरं होईल. मोहफूलकाका, या ना, वाचनालयात खुर्च्या आहेत. सोमवार ते शनिवार सकाळी सात ते नऊ. नऊनंतर ऊन चढतं आणि पंखा एकच आहे.

संत्राबाग, सकाळी 9.10

मोर्शीहून दारव्हा रोज येणं जमणार नाही. पण दारव्ह्यात माझी बहीण आहे. पुतण्याला महिनाभर तिच्याकडे ठेवतो. पहिल्या दिवशी तुझं प्रमाणपत्र बघेन, पोरी, राग मानू नकोस.

मामाची भाची, सकाळी 9.14

राग कसला, काका. टेबलावरच ठेवते.

लोणारचा, सकाळी 9.40

धड्यांच्या वह्यांचे फोटो इथं टाकता येतील का? आठवीच्या त्या पोराला आणि मला दोघांनाही लागतील.

दारव्हेकर मामा, सकाळी 10.05

टाकतो. वाचनालयाची किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते, त्याला सांगून ठेवलं आहे. पाण्याचा माठ मी भरतो. आणि वेचणीतल्या त्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, नात पाठवते, पण आकडे मीच शिकवीन तिले.